मी आणलेला जॅक

मामाजी,

परवा मी साकोलीत एक जॅक घेतला. गाडी तुमच्या नातीची. तिची पहिलीच, जुनी घेतलेली, पांढरी, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. तिला बँकेत नोकरी लागली आहे आणि रोज साकोलीहून तुमसरच्या बाजूला जावं लागतं. गाडी घरी आली त्या दिवशी मी डिक्की उघडून पाहिली. स्टेपनी होती, पाना होता, जॅकची जागा रिकामी. आधीच्या मालकाने काढून ठेवला की त्याच्याकडूनच कुठे राहिला, कोण जाणे. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "पंक्चर झालं तर फोन करायचा, आई. माणूस येते. जॅक कायले पाहिजे?" मी म्हणाले, "जॅक आल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी घरात असं बोलत नाही. तिने चावी खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी बसने कामावर गेली.

तुम्ही गेलात तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिला तुमचे कानांवरचे पांढरे केस आठवतात आणि तुम्ही तिला जीपच्या बॉनेटवर बसवून पेरू कापून द्यायचे, ते आठवतं. बाकी तिला तुम्ही म्हणजे भिंतीवरचा फोटो. त्यामुळे तिची आई जॅकवरून इतकी का अडून बसली, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मला जॅक पहिल्यांदा कळला तो तुमच्या स्वयंपाकघरात. लग्न होऊन मी तुमसरहून कोंढ्याला आले त्याला दोन महिने झाले असतील. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात धानाची पत्र्याची कोठी होती, उंच पायांवरची, भरलेली, आणि तिच्याखाली उंदरांनी बीळ केलं होतं. कोठी रिकामी करायची तर अर्धा दिवस गेला असता. तुम्ही तीस वर्षं तुमसरच्या राइस मिलचे ट्रक चालवलेले. तुम्ही सरळ बाहेर गेलात आणि ट्रकवरचा जुना, बाटलीसारखा उभा बाटली जॅक घेऊन आलात. मी चुलीजवळ बसून भाजी चिरते आहे, डोक्यावरचा पदर सावरते आहे, आणि सासरे स्वयंपाकघरात जॅक घेऊन येतात. मला हसू येतं, पण नवी सून म्हणून मी खाली मान घालते. तुम्ही जॅक कोठीच्या कडेखाली ठेवता आणि दांडा हलवायला लागता. कोठी जागची हलत नाही. जॅकच खाली जातो. आत्याजींनी, म्हणजे सासूबाईंनी, सकाळीच सारवलेल्या जमिनीत त्याचं बूड चार बोटं रुतून बसतं.

"दिसलं काय, बाई?" तुम्ही मला विचारलंत. मला काय दिसायला हवं होतं ते कळलं नाही. तुम्ही जॅक उपसून काढलात, जेवायला बसायचा पाट ओढला, तो जमिनीवर ठेवून त्यावर जॅक ठेवलात, आणि पुन्हा दांडा हलवला. आता कोठी कुरकुरत वर आली. "जॅकमंदी किती जोर आहे हे सारेच पाहतात. तो उभा कायच्यावर आहे, हे कोणी पाहत नाही." तेवढ्यात आत्याजी आल्या. जमिनीतला खड्डा पाहिला, पाट पाहिला. "जेवाचा पाट आहे तो. आता संध्याकाळी त्याच्यावर कोण बसते, तुमचा ट्रक?" तुम्ही म्हणालात, "मी बसतो." आणि खरंच त्या संध्याकाळी तुम्ही तेलाचा डाग पडलेला तो पाट स्वतःकडे ओढून घेतलात आणि मुकाट्याने जेवलात. मला या घरात आपलं माणूस आहे असं पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

गाडी शिकवायचं तुम्हीच काढलंत. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते, सहा गावं माझ्याकडे, आणि दिवसाला दोन बस. "बाळंतीण काय बसची वाट पाहत थांबते?" एवढंच तुम्ही घरात म्हणालात आणि मला घरच्या जीपवर बसवलंत. तुमच्या मुलाला, म्हणजे ह्यांना, ते फारसं पसंत नव्हतं. हे हायस्कूलमध्ये मास्तर. गावात लोक काय म्हणतील याची यांना काळजी. तुम्ही माझ्या शेजारी बसायचे आणि तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मला गाडी पुढे-मागे करायला लावायचे. पाण्यात जाळं टाकणारे लोक हातातलं काम थांबवून बघायचे. तुम्ही त्यांना हात करायचे. चाक बदलायला मात्र तुम्ही मला गाडी चालवण्याच्याही आधी शिकवलंत. दगड कुठल्या चाकाला लावायचा, नट गाडी उचलण्याआधी ढिले करायचे, चाक काढलं की लगेच स्टेपनी गाडीच्या पोटाखाली सरकवायची. हात आणि डोकं गाडीखाली घालायचं नाही, नट सोन्याचा असला तरी.

जीपचा जॅक गंजून गेला तेव्हा तुम्ही मला नवा आणायला सांगितलंत. मी माहेरी तुमसरला चालले होते. तिथे एका दुकानात मी कैचीचा, म्हणजे कैचीसारखा उघडणारा, एक लहानसा जॅक पसंत केला. निळा, हलका, पिशवीत मावणारा. बसमधून आणायचा होता, मला तेवढंच दिसलं. तुम्ही तो हातात घेतलात, मिटलेला उघडून पूर्ण वर केलात, जीपजवळ नेऊन उभा धरलात. "हा बारक्या गाडीचा आहे. आपली जीप उंच. हा सारा वर गेला तरी चाक जमीन सोडत नाही. आणि वजन पाहिलं काय, किती उचलते ते?" मी पाहिलं नव्हतं. "दुकानात जाऊन तू जॅक पाहिला, बाई. गाडी आठवाले पाहिजे होती." त्या दिवशी तुमचा आवाज चढला होता. मला लागलं ते. सगळ्यांसमोर बोललात म्हणून जास्त लागलं. "बदलून आण," म्हणालात, आणि मी हो म्हणाले, आणि आणला नाही. लसीकरणाचं काम होतं, माहेरी जाणं झालं नाही, ही कारणं खरी आहेत. पण थोडा रागही होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आपण दोघं पवनीहून कोंढ्याला येत होतो. रोवण्याचे, धानाच्या लावणीचे दिवस. मागे युरियाची दोन पोती, माझ्या मांडीवर लसीचा डबा, दुसऱ्या दिवशी गावात बाळांना टोचायचं होतं. गाडी तुम्ही चालवत होता. मागचं डावं चाक बसलं. तुम्ही गाडी कडेला घेतली, उतरलात, चाक पाहिलंत, आणि मला विचारलंत, "जॅक बदलला काय?"

"नाही, मामाजी."

तुम्ही रागावला नाहीत. पोती उतरवलीत, मी एका टोकाला धरलं. दगड लावलात. नट ढिले केलेत. रस्त्याची कड पाण्याने मऊ झालेली, म्हणून जॅकखाली फळी ठेवलीत. मग जॅक फिरवत फिरवत पार वर नेला, आणि तुम्ही म्हणाला होता तसंच झालं, चाक जमिनीवरून बोटभरसुद्धा उचललं नाही. तुम्ही जॅक उतरवलात आणि उभे राहिलात. "हे होत नाही. कोणी ट्रकवाला आला तर त्याचा जॅक मागू. थांबू." मी डब्याकडे पाहिलं. म्हणाले, "लस गरम होईल, मामाजी. बर्फ किती वेळ पुरते काय माहीत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, रस्त्याकडे पाहिलंत. मग शेताच्या बांधावरून दोन विटा आणल्यात, फळीवर ठेवल्यात, विटांवर जॅक ठेवलात. तीस वर्षांत तुम्ही असं कधी केलं नसेल. माझ्या घाईपायी केलंत.

चाक निघालं. तुम्ही म्हणता, "स्टेपनी आधी खाली सरकव." मी स्टेपनी लोळवत आणून गाडीच्या कडेला आडवी टाकते, आणि मला दिसतं की एक नट घरंगळत गाडीखाली गेला आहे. मी खाली बसते. हात आत घालते, मग खांदा. वीट फुटल्याचा आवाज मी ऐकला की नंतर माझ्या मनाने तो जोडला, मला सांगता येत नाही. तुमचा गुडघा माझ्या बरगडीवर बसला आणि मी चिखलात जाऊन पडले. वळून पाहिलं तर जीप स्टेपनीवर बसलेली, आणि तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं स्टेपनी आणि लोखंडाच्या मध्ये. तुम्ही ती स्टेपनी शेवटच्या क्षणी आत ढकलली होती. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तुम्ही मला विचारलंत, "हात बाहेर आहेत ना तुहे?"

रोवण्यातल्या बाया धावत आल्या, त्यांच्यामागे जवळच्या तलावावरचे चार जण खांद्यावरचं जाळं तिथेच टाकून आले. एकाने बैलगाडीचं लाकूड आणलं, ते खाली घालून सगळ्यांनी जीप उचलली. मी लसीचा डबा उघडला आणि बर्फाच्या पिशव्या काढून तुमच्या हाताला बांधल्या. तुम्ही तशातही म्हणालात, "लस खराब होते ना, बाई." मी माझ्या नोकरीत पुष्कळ जखमा बांधल्या. त्या दिवशी पदराच्या चिंधीला गाठ मारता येईना. शेतातल्या एका म्हातारीने ती मारून दिली.

पवनीच्या दवाखान्यात हे आले, आत्याजींना घेऊन. यांनी विचारलं, "कसं झालं, बाबा?" मी तोंड उघडलं होतं. मी सांगणार होते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "पाणी आण, बाई." मी पाणी घेऊन आले तोवर तुम्ही सांगून मोकळे झाला होता. "जॅक म्याच चुकीचा मागवला. विटाही म्याच लावल्या. डोळ्याले आता नीट दिसत नाही." हे खूप बोलले तुम्हाला, दवाखान्यात, चार लोकांसमोर. सून सोबत होती, तिला काही झालं असतं तर, असंही म्हणाले. "आजपासून गाडीले हात लावाचा नाही, बाबा." आत्याजींनी तर शपथच घातली. तुम्ही डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून चावी काढलीत. यांनी हात पुढे केला होता. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. "आता तुलेच चालवा लागते," म्हणालात.

घरी आल्यावर, मी तुमची पट्टी बदलत असताना, मी म्हणाले की मी सगळं खरं सांगून टाकते. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तू सांगशील तर तुही गाडी बंद होते. एकडाव बंद झाली का मग चालू नाही होत, मी याले ओळखतो. माही तर दोन-चार वर्षांत तशीही बंदच होणार होती." मी रडायला लागले तर म्हणालात, "पट्टी ओली करून राहिली तू." आणि दुसऱ्या दिवशी मला भंडाऱ्याला धाडलंत, एकटीला, नवा जॅक आणायला. मी जीपचं वजन कागदावर लिहून नेलं होतं, बसलेल्या चाकाशी पोटाखाली किती जागा राहते ते सुतळीला गाठ मारून नेलं होतं, आणि चाक बसवायला किती वर जावं लागतं त्याची दुसरी गाठ. तुम्ही आणलेला जॅक डाव्या हाताने उलटासुलटा करून पाहिलात आणि सीटखाली ठेवून दिलात. तुमची ती बोटं पुढे कधी पूर्ण वळली नाहीत. घास तुम्ही तीन बोटांनी घ्यायचे.

त्यानंतरची नऊ वर्षं जीप मी चालवली. तुम्ही डाव्या सीटवर. किती बाया आपण भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचवल्या. एक पोर तर रस्त्यातच झालं, पळसाच्या झाडाखाली, आणि तुम्ही रस्त्याकडे तोंड करून, आडोशाला चादर धरून उभे होता. वळण आलं की तुमचा पाय जिथे ब्रेक नव्हता तिथे दाबला जायचा. मला ते दिसायचं. मी कधी दाखवलं नाही.

तर परवाचं सांगते. रविवारी मी तुमच्या नातीला अंगणात गाडी उभी करायला लावली आणि चाकातली हवा सोडायला सांगितली. हे ओसरीत पेपर वाचत होते. "चांगल्या चाकाची हवा काहून सोडून राहिल्या?" मी म्हणाले, बसलेल्या गाडीखाली जॅक जातो की नाही ते बसलेल्या गाडीनेच कळते. पोरीने वीत लावून पाहिली. गाडीखाली एक वीतही जागा नव्हती. मग आम्ही हवा भरून, माझाच शब्द तेवढ्यापुरता मोडून, गाडी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आधी लाल रंगाचा चाकं असलेला ट्रॉली जॅक दाखवला, दोन हातांनी उचलावा लागणारा. "हा घ्या मॅडम, आरामात उचलते." सिमेंटच्या फरशीवर उचलेल, मी म्हणाले, रस्त्याच्या कडेला त्याची चाकंच रुततील, आणि डिक्कीतून काढता काढताच हिची कंबर जाईल. मग बाटली जॅक दाखवला. तो मिटलेलाच एका वितेपेक्षा उंच, खाली जाणारच नाही. शेवटी कैचीचे तीन काढले. दोन जॅकचा पाया माझ्या तळहाताएवढा. तिसऱ्याचा रुंद, अख्ख्या गाडीच्या वजनाहून जास्त वजन त्यावर लिहिलेलं, वरच्या टोकाला खाच, गाडीच्या कडेची पट्टी नीट बसेल अशी, दांडा लांब. तो मी दुकानाबाहेर नेऊन गाडीखाली लावून पाहिला आणि पोरीला फिरवायला लावला. तिच्या हाताने फिरतो का, ते पाहायचं होतं. "इतकं कोणी पाहत नाही, मॅडम," दुकानदार म्हणाला. लेक हसली. पण तिने चाक जमिनीपासून चांगलं सुटेपर्यंत जॅक फिरवला, घाम पुसला, आणि तिला ते आवडलं हे मला दिसलं.

घरी येऊन तिने अंगणात अख्खं चाक बदललं. जॅकखाली मी फळी दिली होती. चाक काढल्यावर मी स्टेपनी गाडीखाली सरकवायला सांगितली. "कायले?" तिने विचारलं. मी म्हणाले, जॅक निसटला तर गाडी त्याच्यावर बसते. "कधी निसटला होता काय?" माझ्याआधी हे ओसरीतून बोलले. "तुझ्या आजोबाचा निसटला होता. चुकीचा जॅक घेऊन फिरत होते. दोन बोटं कामातून गेली." पोर म्हणाली, "एवढे ड्रायव्हर होते, आणि जॅक चुकीचा?" आणि सहज हसली, जसं आपण फोटोतल्या माणसाला हसतो.

मामाजी, मी तेव्हा बोलले. इतकी वर्षं तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून गप्प राहिले, पण तिच्या मनात तुम्ही तसे राहावेत हे मला चाललं नाही. म्हणाले, "जॅक मी आणला होता. बदलून आण म्हटलं होतं त्यांनी, मी आणला नाही. विटा त्यांनी माझ्या घाईने लावल्या. आणि गाडीखाली मी गेली होती." यांनी पेपर खाली ठेवला. मग विचारलं, "मग बाबांनी गाडी काहून सोडली?" मी म्हणाले, "माझी सुटू नये म्हणून." हे उठून आत गेले. पोर चाकाजवळ उकिडवी बसली होती, तशीच राहिली, मग तिने स्टेपनी हाताने आणखी थोडी आत सरकवली. जेवताना हे भाताकडे बघत म्हणाले, "मी त्यांना चार माणसांत बोललो होतो." मी वरण वाढलं. आज सकाळी यांनी तुमचा फोटो उतरवून पुसला आणि परत लावला. माझ्याशी नीट बोलतात. रागावलेत की नाही, ते अजून कळलेलं नाही. पोर गाडी घेऊन कामावर गेली.

हे मी उपकेंद्राच्या एका जुन्या रजिस्टरमागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. तुम्हाला पाठवायचं तर पत्ता नाही, आणि यांच्या हाती पडावं असंही वाटत नाही. पानं फाडून माझ्या पेटीत साड्यांखाली ठेवीन. कारण एक गोष्ट मी रविवारी सांगितली नाही. दवाखान्यात चावी माझ्या हातात आली तेव्हा मी रडत होते, ते सगळ्यांनी पाहिलं, आणि ते रडणं खरं होतं. तुमच्या बोटांकडे मला बघवत नव्हतं. पण त्याच वेळी माझ्या मनात आलं की आता गाडी माझी. मला आनंद झाला होता, मामाजी. पुढची नऊ वर्षं, तुम्ही शेजारी बसलेले असताना, तो रोज होत होता.